हीरालालजींची हरकत

तीर्थपुरीत हीरालालजींच्या दुकानात कुकर घेतला की गाणं फुकट. रेडिओ वरच्या फळीवर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी; उदबत्ती दोघांत एक. चाळीस वर्षं हा माणूस पोस्टकार्डावर फर्माईश पाठवत आला. खाली नावं ठरलेली: ‘तीर्थपुरीहून हीरालाल, मंजू, पारस आणि कचरूभाऊ.’ बायको, मुलगा आणि दुकानातला जुना गडी. मधे सरकारी रेडिओवरचा पत्रांचा कार्यक्रम बंद झाला, तेव्हा हीरालालजी सुतक असल्यासारखे वावरले.

"आपलं नाव घेणारं कोणी राह्यलं न्हाई," म्हणायचे.

यंदा सरकारी रेडिओनं निव्वळ जुन्या गाण्यांचं वेगळं केंद्र काढलं, पत्रांसकट. हीरालालजींनी कार्डांचा गठ्ठाच आणला, केंद्राच्या पत्त्याचा रबरी शिक्का करून घेतला आणि सगळ्या कार्डांवर एकदम मारून ठेवला. दोन महिने रोज कार्ड जात होतं. नाव काही येत नव्हतं.

तेवढ्यात मिथुन आला. हा जालन्याच्या एका खासगी रेडिओसाठी जाहिराती गोळा करतो. दुकानाची जाहिरातही त्याच्याकडेच.

"काका, सरकार आमच्या पोटावर उठलं. लोकांच्या पैशानं गाणी लावायची अन् आमचे ऐकणारे पळवायचे! जाहिरातदारांच्या हरकती दिल्लीला पाठवून राह्यलो. तुमी दोन ओळी लिहा."

"अरे, पण मी तर तेच ऐकतो."

"ते दिल्लीला कुठं माहीत ए?"

दुकानात येऊन दोन कप चहा प्यालेल्या माणसाला नाही म्हणणं हीरालालजींना जमत नाही. त्यांनी गठ्ठ्यातलं कार्ड ओढलं. ‘नवीन केंद्रामुळे खासगी केंद्राचे नुकसान होत आहे. मी स्वतः सकाळी सहापासून नवीनच लावतो, त्यामुळे माझीच जाहिरात मला ऐकू येत नाही. तरी नवीन केंद्र बंद करावे.’ खाली सवयीनं चारही नावं. मिथुननं दिलेली दिल्लीच्या पत्त्याची चिठ्ठी गल्ल्याखाली राहिली. कार्डाच्या पाठीवर पत्ता होताच की! कचरूभाऊंनी पेटीत टाकलं.

आठवड्यानं, सकाळी नऊला, एक बाई कढईच्या भावावरून घासाघीस करत असताना निवेदिका म्हणाली, "तीर्थपुरीहून हीरालाल, मंजू, पारस आणि कचरूभाऊ म्हणतात, आमचं केंद्र बंद करा. कारण ते सकाळी सहापासून आम्हालाच ऐकतात! त्यांच्या आधीच्या ढीगभर कार्डांतलं एक गाणं खास त्यांच्यासाठी."

हीरालालजींनी कढई बाईंच्या भावात देऊन टाकली.

आतून मंजूबाई धावत आल्या. "अहो, नाव आलं! बंद करा म्हणल्यावर आलं. हे आधीच लिहायचं होतं ना!"

गाणं संपतं न संपतं तोच मिथुनचा फोन. "काका, हे काय करून ठेवलं?"

"चूक झाली, बेटा. पण तू कुठं ऐकलं?"

मिथुननं आवाज खाली आणला. "घरी. आई लावती."

"मंग आईचं नाव सांग जल्दी."

"नंदाबाई."

हीरालालजींनी नवं कार्ड ओढलं. "तुझं पण टाकू?"

"नको काका, नोकरी जाईल!"

"बराबर. मंग ‘आणि मित्रपरिवार’ लिहितो."