आप्पांच्या हातून फुटलेली सुपारी

माझं लग्न ठरलं ते अडकित्त्याच्या वादात. परंड्याला आमच्या घरी पाव्हणे आले होते. पसंती झाली की त्याच बैठकीत सुपारी फोडायची, आणि सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मग साक्षात देव आला तरी मोडायची नाही, अशी आमची रीत.

राज्य निजामाचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देत. त्यामुळं जगातल्या सगळ्या शब्दांचे मालक आपणच, असा त्यांचा समज.

मुलगा उमरग्याकडचा, घरात कानडी बोलणारा. मला तो आवडला होता, पण मला विचारतंय कोण? एवढ्या लांब, परक्या बोलीत लेक द्यायची नाही, असं आप्पांनी मनाशी ठरवलं होतं. ‘विचार करून कळवतो’ म्हणून पाव्हण्यांना वाटेला लावायचं, हे त्यांनी सकाळीच आत्याला सांगून टाकलं होतं. दाराआड उभी राहून मी नुसती चरफडत होते.

मुलाचे काका ताटातल्या अडकित्त्याकडं बघत सहज म्हणाले, “हा मूळचा आमचा हां. अडकी म्हंजे सुपारी, कत्तरी म्हंजे कातर. कानडीतनं आलाय तुमच्याकडं.”

झालं! आप्पांचा पारा चढला. “काय बोलताय पाव्हणं? ह्यात सुपारी अडकती, म्हणून अडकित्ता!”

“अवो, पदर तर दारात बी अडकतो. मग दाराला काय म्हणायचं?”

आत आत्या फसकन हसली.

“उर्दूत ह्याला सरौता म्हणतात, ठावं हाय का?” आप्पांनी कचेरी मधे आणली.

“त्याचा हितं काय संबंध?” काका म्हणाले. खरंच काही नव्हता.

आप्पांनी तावातावानं ताटातलीच सुपारी उचलली. “हे बघा, ही अशी अडकती...” आणि कट्कन आवाज झाला.

दोन खांडं त्यांच्या मांडीवर पडली. काकांनी शांतपणे एक उचलून तोंडात टाकलं. “फुटली की सुपारी!” अडकित्त्यात सापडणं म्हणजे काय, ते त्या घटकेला आप्पांना विचारावं.

पाव्हणे जेवणाआधी हातपाय धुवायला उठले तसे आप्पा आत आले. माझ्याकडं त्यांना बघवेना. “पोरी, माझ्या जिभेनं घात केला. तू न्हाय म्हण. मी मोडतो रीत. समाजानं वाळीत टाकलं तरी चालंल.”

इतके ते मला कधीच आवडले नव्हते.

“मला जायचंय, आप्पा,” मी म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.