पिल्लाच्या आवाजातली हाक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि सुमनला मी तसं सगळं सांगतो, न सांगायचंही सांगतो. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आमच्या घरात एक गोष्ट चेष्टेनं सांगतात. लेक तान्ही असताना मी कतारहून सुट्टीवर आलो, आणि ती रडायला लागली की मी चप्पल घालून थेट रस्त्यावर. "बापाला लेकीचं रडणं सोसत नाही, केवढा जीव!" असं सासूबाई म्हणायच्या. मीही हसायचो. इतकी वर्षं हसतोय. जीव होताच — पण मी पळायचो ते त्यासाठी नव्हे.

खोकड माहीत आहे ना? कोल्ह्याहून लहान, मोठ्या कानांचं. आमच्या जतकडच्या माळावर पुष्कळ. माझे चुलते आप्पा त्याला हाक घालायचे. हाताच्या पाठीला ओठ लावून हवा ओढली की जखमी सशासारखा आवाज निघतो, आणि खोकड धावत येतं. ती विद्या त्यांनी मला दिली, आणि सोबत एक नेम — होळी पेटली की हाक बंद, पार मृग लागेपर्यंत. बिळात पिल्लं असतात. "पोटुशी नि लेकुरवाळी, दोन्हीला हात लावायचा नाय," म्हणायचे.

दोन हजार सालाच्या पुढेमागे मी एका म्हाताऱ्या कतारी माणसाचा ड्रायव्हर होतो. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. घर शहरात, अल दुहैलला, आणि लांब उत्तरेला वाळवंटात त्यांचं शेत, तिथे त्यांची लाडकी कबुतरं. एक खोकड कबुतरं नेऊ लागलं. आणि मी — कुणी विचारलेलं नसताना — बोलून बसलो, मी बोलावतो त्याला. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला कुणाचा हात लागत नाही.

बाबांनी बंदूक काढली, पण आधी मला विचारलं, "अभी बच्चा है उसका? बच्चा है तो नहीं मारना. हराम."

त्याच आठवड्यात आईनं फोनवर होळीच्या पोळ्यांचं सांगितलं होतं. सुमनला सातवा महिना चालू होता. मी म्हणालो, "नहीं बाबा. अभी बच्चे का टाइम नहीं."

एवढंच असतं, तर — नाही, तेवढ्यावर मी थांबलो नाही.

दोन दिवस सशाचा आवाज काढून पाहिला. काही आलं नाही. "हिंदी लोग सिर्फ बात करता," म्हणत बाबा हसले. साधी चेष्टा. मला झोंबली. तिसऱ्या दिवशी दुपारची उन्हं कलल्यावर आम्ही दगडी टेकाडाआड बसलो, आणि मी पिल्लाचा आवाज काढला. बिळाबाहेर चुकलेल्या, भुकेल्या पिल्लाचा. आप्पांनी तो शिकवला नव्हता, माळावर ऐकून ऐकून मीच उचलला होता. त्या आवाजाला धावून येते ती आईच. पिल्लं नाहीत म्हणून सांगितलं आणि आईलाच बोलावलं — आता मला ठाऊक नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू?

ती सरळ चालत आली. लपली नाही, थांबली नाही. दहा-बारा पावलांवर उभी राहून माझ्याकडे बघू लागली — बाबांकडे नाही, माझ्याकडे. पिल्लू कुठे आहे ते शोधत होती. बाबांनी बार काढला.

उचलायला मी पुढे गेलो. आचळं भरलेली होती. मी तिला पालथी केली, वर पोतं टाकलं आणि म्हणालो, "नर है, बाबा." त्यांनी पोतं उचलून पाहिलं नाही. माझ्यावर विश्वास होता त्यांचा. पाठ थोपटून म्हणाले, "यल्ला," म्हणजे चला. तेवढ्यात टेकाडाखालून आवाज आला. माझ्याच हाकेला उत्तर देत होती पिल्लं. तीन असतील, चार असतील. बाबांना कमी ऐकू यायचं. मला नीट ऐकू येत होतं. मी गाडी सुरू केली.

कबुतरांचा दाणा घेऊन रोज त्याच वाटेनं जावं लागे. दुसऱ्या दिवशी दुकानातून दुधाचा टिन घेतला. टेकाडापाशी गाडी थांबवली, काच खाली केली. ओरडत होती. पण पिल्लं बाहेर आणली असती, तर बाबांना कळलं असतं. त्यांनी मला काढलं नसतं. नुसतं बघितलं असतं माझ्याकडे. तेवढंही मला नको होतं. तिसऱ्या दिवशी आवाज बारीक होता, बहुधा एकाचाच. थांबलो, ऐकलं, निघालो. चौथ्या दिवशी काही ऐकू आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात घरी गेलो. लेक दोन महिन्यांची. भुकेजली की आधी जोरात रडायची — मग बारीक.

टिन सीटखाली तसाच पडला होता. त्या चौथ्या दिवशी तो खोलीवर नेला आणि सोबत राहणाऱ्या सगळ्यांना त्याच दुधाचा चहा केला. चांगला झालाय, म्हणाले. मीही दोन कप प्यालो.