यजमान, पाहुणा आणि फवारणीचा हंगाम

कळंबच्या चिंतामणीला साष्टांग नमन! ज्याच्या नामाने वाणी शुद्ध होते त्या पांडुरंगाचे स्मरण करतो आणि मग बोलतो.

कापसाच्या पऱ्हाटीच्या रानातून माणूस चालून आला, की धोतराला काय काय चिकटले ते घरी आल्यावरच कळते. किस्से तसेच असतात. गोळा करावे लागत नाहीत, आपोआप चिकटतात. कापसाने आमच्या जिल्ह्याला रडवले त्या वर्षांत आम्ही मंदिराच्या एका खोलीत फोनची सेवा चालवत होतो. कापसावर औषध फवारताना विषबाधा झाली, की लोक आम्हाला फोन करीत. काय करावे ते आम्ही सांगायचे आणि जीप पाठवायची. फोन घ्यायला शोभाताई, जीपवर रफीकभाई, आणि संगणकाचे सगळे प्रफुलकडे. मी कीर्तन करणारा, म्हणून तिघेही मला महाराज म्हणत.

\*

जुना संगणक वारला. दानात नवा आला, पण फोनचा जुना प्रोग्राम त्याच्यावर चालेना. प्रफुलने तोड काढली. नव्या संगणकाच्या पोटात एक खोटा, जुन्या पद्धतीचा संगणक उभा केला आणि फोनच्या तारा ज्या कार्डात येतात ते कार्ड थेट त्याच्या हाती सोपवायचे ठरवले. बाहेरच्याला तो होस्ट म्हणे, आतल्याला गेस्ट. मी म्हणालो, "अरे, आपले शब्द असताना हे कशाला? बाहेरचा यजमान, आतला पाहुणा!"

शब्द सर्वांना आवडले. पण पाहुण्याला कार्ड दिले, की यजमान जागीच गार! पडदा काळा, सगळे ठप्प. पहिल्यांदा असे झाले तेव्हा शोभाताईंनी अंगणात येऊन प्रफुलला हाक मारली, "प्रफुलभाऊ, धावा! यजमान गेले!"

समोरच्या आळीतल्या बायका ती हाक ऐकून डोक्यावर पदर घेऊन थेट ताईंच्या घरी पोहोचल्या. ओसरीवर त्यांचे यजमान बशीत चहा ओतून पीत बसले होते. रडणाऱ्या बायका पाहून तेही डोळे पुसू लागले. "काहून वो, कोन गेलं?"

\*

मशीन रोज पडू लागले. प्रफुल सेटिंग बदलून पाही, कार्ड चालवणारा 'ड्रायव्हर' नावाचा प्रोग्राम बदलून पाही, पुन्हा काळा पडदा. शेवटी मी नारळ वाढवला, उदबत्ती लावली. त्या दिवशी यजमान बराच वेळ जिवंत राहिला. आम्ही हात जोडले, तेवढ्यात पुन्हा पडदा काळा.

प्रफुल डोके धरून म्हणाला, "महाराज, देव पावला, पण ड्रायव्हर नाही पावला!"

दारात उभे असलेले रफीकभाई दुखावले. "मी त सकाळपासून हाजर हाय न बापा! मले कायले बोलून राह्यला?"

\*

अखेर कारण सापडले. संगणक आपल्या आतल्या वस्तूंचे गट बांधतो, आणि गटातली एकच वस्तू वेगळी काढून देता येत नाही. द्यायचा तर अख्खा गट द्यावा लागतो. आमच्या फोनच्या कार्डाच्या गटात नेमका डिस्क सांभाळणारा भागही होता. कार्ड पाहुण्याकडे गेले, की डिस्कही त्याच्यामागे जाई आणि यजमानाच्या पायाखालची जमीनच नाहीशी होई.

प्रफुलने हे फळ्यावर काढून समजावले. शोभाताईंनी सगळे ऐकले आणि त्या म्हणाल्या, "म्हंजे पोरगी सासरी धाडली अन् तिनं माहेरची चूलच उचलून नेली!"

कार्ड दुसऱ्या खाचेत बसवले. तेथे ते एकटेच होते. यजमान तगला. एकमेकांत गुंतलेले जीव कसे सोडवावेत, यावर मी आयुष्यभर निरूपण केले. माझ्यासमोर ते कोणी पेचकसाने करून दाखवले, ते प्रथमच.

\*

फवारणी सुरू होण्याआधी चाचणी हवी होती. रफीकभाईंना दिग्रसच्या बसस्टँडवर पाठवले आणि सांगितले, की विषबाधा झाल्यासारखे बोला. त्यांनी जीव ओतला. "ताई, डोयाले दिसत नाही, जीव घाबरून राह्यला," असे म्हणत ते फलाटावर आडवेच झाले! इकडे आवाज स्वच्छ येत होता, आम्ही आनंदात. तिकडे लोकांनी त्यांना उचलून ऑटोत घातले आणि दवाखान्यात नेले. सलाइन लावल्यावरच त्यांना बोलू दिले.

परत आल्यावर म्हणाले, "फोन पास झाला महाराज, पन मले भरती केलं!"

त्या खोलीत आम्ही पोट धरून हसलो तो शेवटचा प्रसंग हाच. पुढे फवारणी सुरू झाली.

\*

ऐन हंगामातला दिवस. हवा कोंडलेली, शेतोशेती पंप पाठीवर. महागाव तालुक्यातून एका बाईचा फोन आला. नवरा फवारून बांधावर आला होता, तोंडाला फेस होता, हाक मारली तरी ओ देत नव्हता. शोभाताई सर्वांना पहिले वाक्य एकच सांगत. तेच सांगितले, "बाई, फोन ठेवू नका. मी सांगते तसं करा."

त्याच क्षणी पाहुणा आपोआप बंद होऊन पुन्हा उठू लागला. कार्ड मात्र आधीच्याच कामात अडकून राहिले आणि यजमान गोठला. तिकडे बाईला फोन तुटल्याचे कळले नाही, तो नुसता मुका झाला. गावाचे नाव विचारायचे राहून गेले होते. प्रफुलने यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा उभे केले, पण त्या बाईचा नंबर पाहुण्याबरोबरच पुसला गेला होता. रफीकभाई जीप घेऊन महागावकडे गेले, गावोगाव विचारत फिरले आणि रिकामे परतले.

त्यानंतर काही दिवसांनी ती बाई पत्ता विचारत आमच्या खोलीवर आली. कपाळ मोकळे होते. हातात मोबाइल.

"तुमीच का त्या ताई?"

शोभाताई उठून उभ्या राहिल्या.

"तुमी म्हनलं, फोन ठेवू नका. मी नाही ठेवला. बॅटरी सरेपर्यंत कानालेच धरून बसली होती. बाजूच्या वावरात मानसं होती, त्यायलेबी हाक नाही मारली. म्हनलं, ताई आता बोलन अन् मले आयकू नाही येनार." मग ती खाली बसली. "मंग काय करा लागत होतं, ते सांगा."

शोभाताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि सांगू लागल्या. अंगावरचे कपडे काढा. साबन लावून अंग धुवा. कुशीवर निजवा. औषधाची बाटली सोबत घ्या. गाडी येऊन राह्यली.

प्रत्येक वाक्याला ती मान हलवून म्हणत होती, "हो ताई."

\*

ऐकणाऱ्या प्रत्येकाचे तो चिंतामणी मंगल करो. ज्या घरातून हाक निघेल त्या घरी उत्तर पोहोचो. रानात गेलेला माणूस दिवेलागणीला आपल्या पायांनी उंबरठा ओलांडून आत येवो.