हरल्यानंतरचा डाव

आंतरराष्ट्रीय खुल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत एका पोलिश आजोबांनी मला हरवलं. हात मिळवून मी निघालो, तर त्यांनी खुणेनंच बाहेरच्या टेबलापाशी नेलं. डाव संपला की दोघांनी मिळून तो पुन्हा मांडून बघायचा, ही बुद्धिबळातली रीतच आहे. माझ्या चुकीपाशी ते थांबले. माझा घोडा मला न सुचलेल्या घरात ठेवला आणि हसत हसत, हार मानल्यासारखा, स्वतःचाच राजा आडवा पाडला.

ऑफिसात इतके जण मला मागे टाकून गेले. इथे तू जिंकला असतास, हे सांगायला कुणी थांबलं नाही.

घरी फोन केला. “आवाजावरून जिंकलात वाटतं,” बायको म्हणाली.

“हरलो,” मी म्हटलं, “पण ज्यांनी हरवलं, त्यांनीच जिंकवून पाठवलंय.”