सेगिवा सुईण आणि कुंपणाबाहेरची जागा

गावातल्या निम्म्या लोकांना सेगिवानं नागडं पाहिलं होतं, त्यामुळे तिच्यापुढे कुणी ताठ्यात बोलत नसे. माझ्या नवऱ्याला तर ती भर बाजारात हाक मारायची, "ए पायाळू! तुला बाहेर काढताना माझी कंबर गेली, आहे का आठवण?"

आर्चबिशप कुणाला करायचं यावरून आमच्या राजाचं पोपशी बिनसलं, आणि पोपनं साऱ्या इंग्लंडातली चर्च बंद केली. पाद्री दारात उभे राहून हुकूम वाचत होते, तेवढ्यात सेगिवाला एका बाळंतिणीकडून बोलावणं आलं. सगळं बंद, एवढंच तिनं ऐकलं. आठवड्याभरात पाद्रीही गाव सोडून गेले.

पुढच्या वसंतात मला मुलगी झाली. अंगानं निळसर, रडणंही धड नाही. अशा पोरांना सेगिवा स्वतःच पाणी लावून बाप्तिस्मा द्यायची. सुईणीला तेवढी मुभा असते. तिनं वाटीत बोटं बुडवली आणि काढून घेतली.

"लाव ना गं मावशी!" मी ओरडले.

"बंदी आहे, हाविस. मोडली आणि तिलाच बाधलं तर?"

पोर दुपारपर्यंत होती.

तेव्हा सगळ्यांनाच चर्चच्या कुंपणाबाहेर पुरत. माझे सासरेही तिथंच होते. पोर आजोबांजवळ आहे, याचा मला फार आधार वाटे.

पाच वर्षांनी राजाचा आणि पोपचा समेट झाला. पाद्री परतले. बाहेरची मढी उकरून एकेक आत, पवित्र जमिनीत नेली. माझ्या पोरीपाशी मात्र पाद्री थांबले.

"बाप्तिस्मा नाही? अगं, त्याला कधीच बंदी नव्हती. मी वाचलं होतं की!"

बाप्तिस्म्याविना पवित्र जमिनीत जागा नसते. ती एकटी बाहेर राहिली, बिननावाची. सेगिवा माझ्या शेजारीच उभी होती. त्यानंतर तिनं कुणाचं बाळंतपण केलं नाही, आणि मी चार वर्षं तिच्याशी बोलले नाही. राजा आणि पोप माझ्या हाताला लागणारे नव्हते, ती होती.

गेल्या हिवाळ्यात तिनं अंथरूण धरलं आणि मला बोलावणं धाडलं. बार्लीची पेज घेऊन गेले.

"हाविस, मला आत पुरू देऊ नकोस. तिच्याजवळ ठेव. तू हो म्हण फक्त."

मला तिची दया आली, खरंच आली. तरी म्हटलं, "नाही मावशी. ती जागा माझी आहे."

"वेडी का तू? तुझा बाप्तिस्मा झालाय."

"तुझाही झालाय."

मग आम्ही दोघी रडलो. पेज तशीच गार झाली.

तिला आत पुरलं. माझ्या जागेचं मी पाद्र्यांना अजून सांगितलेलं नाही.