सगळे अर्ज मागे

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो.

बिबवेवाडीच्या एका सोसायटीत राहणारे, कारखान्यातून निवृत्त झालेले एक फोरमन दर सोमवारी अकराच्या ठोक्याला आमच्या पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज घेऊन हजर व्हायचे. कधी लाउडस्पीकर, कधी वरच्या गॅलरीतून पडणारं पाणी. पोच घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. वर ठाणे अंमलदाराला विचारायचे, "आपण इथे चहा प्यायलाच येता का?" डोक्याला नुसता ताप!

एका सोमवारी त्यांनी एकच कागद पुढे ठेवला. 'माझे सर्व अर्ज मागे घेत आहे.' मी लगेच सही ठोकली.

"आपल्याला फार त्रास दिला. आता नाही देणार," असं म्हणून नमस्कार करून गेले. सुंठेवाचून खोकला गेला म्हणत मी सगळ्यांसाठी भजी मागवली.

आमच्या हवालदार बाईंनी भज्यांना हात लावला नाही. "साहेब, काकांनी पोच घेतली नाही."

"मग?"

"मग काय मग? माझा भाऊ असाच एकाएकी शांत झाला होता. आम्हीही खूश झालो होतो. आठवड्यात त्यानं जीव दिला."

मी बाईंना घेऊन तडक सोसायटी गाठली. शेजाऱ्यांना विचारलं. बायको जाऊन वर्ष झालं होतं, मुलगा परदेशात, गुडघ्यांमुळे फिरणं बंद, झोप उडालेली. दोन दिवसांपूर्वी जेवणाचा डबाही बंद केला होता. हे सगळं शेजाऱ्यांना पाठ!

"मग चौकशी केलीत कधी?"

"अहो, त्यांना कशाची कमी आहे? पेन्शन आहे. आणि लोकांच्या घरात नाक कशाला खुपसायचं?"

धन्य! पार्किंगवरून यांचीच नाकं ठाण्यापर्यंत यायची.

फोरमननी दार उघडलं. भल्याभल्यांकडून कबुली काढणारा मी, हवापाण्यावर बोलत बसलो. विचारलं तर भलतंच डोक्यात जाईल, अशी माझी अडाणी समजूत. बाईंनी सरळ विचारलं, "काका, जीव द्यायचं मनात आहे का?"

ते म्हणाले, "हो," आणि ढसाढसा रडले. विचारल्यानं काही बिघडलं नाही, उलट माणूस बोलता झाला. त्यांना एकटं न सोडता आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. मुलगा आला, उपचार सुरू झाले. बाई अधूनमधून जाऊन बसायच्या.

काही महिन्यांनी, सोमवारी अकराला, फोरमन दारात! हातात अर्ज. तक्रार माझ्याविरुद्ध होती. 'सर्व अर्ज मागे घेताना अधिकाऱ्यांनी अर्जदारास कारण विचारले नाही.'

"पोच द्या," ते म्हणाले.

सगळ्या नोकरीत मी एवढ्या आनंदानं पोच दिली नव्हती. अर्जावर शेरा लिहिला, 'तक्रार खरी आहे.'