पुतळाबाईचा रानकांदा

पुतळाबाई खोटं बोलणारी बाई नव्हती. जे काय असेल ते तोंडावर, आणि तेही एवढ्या मोठ्यानं की मुकुंदवाडी स्टेशनावर गाडीची वाट बघणाऱ्या माणसानं मान वळवून बघावं. पण नानासाहेबांना तिनं एकदा धडधडीत थाप मारली. तीही एका रानकांद्यापायी.

नानासाहेब म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर. घराणं पैठणकडचं, शेतीवाडीचं; पण शेती भावाच्या हवाली करून हे औरंगाबादेत बंगला बांधून बसले होते. हयातभर पाणी अडवायची कामं केली आणि निवृत्त झाल्यावर खूळ लागलं ते दगडांच्या बागेचं. बंगल्यामागं काळ्या दगडांचा हा थोरला ढीग रचायचा, कपारींत माती भरायची आणि डोंगरात उगवणारी कंदफुलं त्यात लावायची. शेजारी म्हणायचे, लोक घर बांधून उरलेले दगड फेकून देतात, यांनी ट्रकनं मागवले! त्यांच्या पत्नी द्वारकाबाई तर काहीच म्हणायच्या नाहीत. पहिला ट्रक आला तेव्हा त्यांनी जो कपाळाला हात लावला, तो पुढं कधी खाली आला नाही.

या खुळाचं मूळ एका इंग्रजी पुस्तकात होतं. त्यात कोरिडॅलिस नावाच्या फुलाची रंगीत चित्रं होती. बर्फ वितळला की वीतभर उंचीचं ते रोप जांभळ्या-गुलाबी फुलांनी भरून जातं आणि ऊन तापायच्या आत मुकाट जमिनीत नाहीसं होतं. खाली कंद तेवढा उरतो. नानासाहेबांनी काश्मिरातल्या एका ओळखीच्या माणसाकडून ते कंद मागवले. डिसेंबरात लावले, फेब्रुवारीत पानं आली, मार्चात कळ्या धरल्या, आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात सगळं करपून काळं पडलं. दोन दिवस नानासाहेबांना जेवण गेलं नाही.

पुतळाबाई तेव्हा त्यांच्याकडं नुसती भांडी घासायला यायची. मागच्या मोरीवर बसून तिनं हे सगळं पाहिलं होतं. तिला राहवलं नाही.

"सायेब, बर्फातला पाव्हणा आणून तव्यावर बसवला, तो काय टिकतुय का? आमच्या माळावर बी हायेत की असले. अंगावर एक पान नसतंय आन् ऐन चैतात फुलत्यात."

नानासाहेबांनी चष्मा वर केला. "कुठल्या माळावर?"

झालं. त्या दिवसापासून पुतळाबाईचं अर्धं काम भांड्यांचं आणि अर्धं दगडांचं झालं. ती धनगराची लेक आणि धनगराचीच सून. बाहत्तरच्या दुष्काळात चारा संपला, मेंढरं मातीमोलानं गेली, आणि तिचा नवरा सोनाजी मुकुंदवाडीला येऊन लाकडाच्या वखारीत कामाला लागला. पण त्याआधीची सगळी उमर तिनं मेंढरांमागं माळ तुडवण्यात घालवली होती. कुठला कंद मेंढरू खातं, कुठल्याला नुसतं हुंगून पुढं जातं, कुठल्याचा चीक हाताला लागला की रात्रभर खाजवत बसावं लागतं, हे तिला तोंडपाठ. कंद उकरायच्या आधी ती त्याच्या उगवतीच्या अंगाला गेरूचं बोट लावायची, आणि बागेत लावताना ते बोट परत उगवतीलाच यायला हवं. "त्याला सवयीचं तोंड द्यावं लागतंय, न्हाय तर फिरतुय त्यो मातीत," असं ती म्हणायची. नानासाहेबांनी हे वहीत लिहून ठेवलं. त्याच्याखाली तिची आणखी एक शिकवण होती: पान वाळलं की कांदा झोपला, आणि झोपल्या कांद्याला पाणी पाजायचं नाही. कंसात नाव, पुतळाबाई.

आता ती थाप. ऐंशी सालच्या चैतात दोघं जीपमधून वाळूजच्या माळावर गेले होते. सोबत फकिरा, नानासाहेबांचा माळी. एका बुटक्या टेकाडावर उघड्या मुरमातून कमरेएवढा एकच दांडा वर आलेला, त्याला मातकट पांढरी फुलं लोंबकळत होती. एवढा मोठा रानकांदा नानासाहेबांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी जीप थांबवली.

"तिकडं नगा जाऊ, सायेब," पुतळाबाई म्हणाली. "नाग हाय तिथं. जोडीनं हायेत."

जायकवाडीच्या पुरात छातीएवढ्या पाण्यात उभा राहिलेला हा माणूस, पण सापाचं नाव काढलं की पाय वर घेऊन बसायचा. पुतळाबाईला ते चांगलं ठाऊक होतं. जीप वळली. नानासाहेब मान मोडेस्तोवर मागं बघत राहिले.

नाग कसला नि काय! त्या कांद्याखाली पुतळाबाईची लेक होती.

पुतळाबाई तेव्हा पहिलटकरीण होती. बिऱ्हाड त्या टेकाडाशी उतरलेलं असताना पोर झाली आणि नवव्या दिवशी तापानं गेली. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे नावसुद्धा पडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. चारा संपला की मेंढरं थांबत नाहीत, मग कुणाचं कोण का गेलेलं असेना. तिच्या सासूनं मातीवर दगड रचले आणि मधोमध रानकांदा पुरला. त्यांच्या बिऱ्हाडांत तशीच रीत होती. रानकांदा विखारी, त्याला कुठलं जनावर तोंड लावत नाही, कोल्हं उकरत नाही. आणि पुढच्या चैतात, सगळा माळ भाजून निघालेला असताना, तोच दांडा वर काढून सांगतो, इथं आहे. त्यानंतर पुतळाबाई दर चैतात तिथं जाऊन घटकाभर बसून यायची. पुढं दोन मुलगे झाले, मोठे झाले, कामाला लागले. पण चैत लागला की तिचा पाय घरात ठरायचा नाही.

त्र्याऐंशीच्या पौषात सोनाजी वखारीतून बातमी घेऊन आला. माळावर कारखाने येणार, जमीन सपाट करायचं काम त्या टेकाडाच्या अलीकडं येऊन ठेपलंय. पुतळाबाईनं ताटातली भाकर तशीच झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती कुदळ घेऊन गेली. पान वाळून गेलेलं होतं, पण तिला जागा हुडकायला लागली नाही. कांदा नारळाएवढा झाला होता. उगवतीला गेरूचं बोट लावलं, अलगद काढला, त्याखालची मूठभर माती पदरात बांधली. त्याच्याखाली तिनं कुदळ लावली नाही.

बंगल्यावर आली तेव्हा नानासाहेबांना हर्षवायू व्हायचा बाकी होता. "अगं, हा तर तोच! आणि नाग?"

"गेले ते," ती म्हणाली. "सायेब, ह्याला मोरीसमोरच्या कपारीत लावा. माज्या नजरंखाली राहील."

तिथंच चुकलं बघा.

जागा बदललेला कांदा वर्षभर रुसतो, हे तिनंच नानासाहेबांना शिकवलं होतं. त्या चैतात तो फुलला नाही. नानासाहेबांना त्याचं काही वाटलं नाही. मग वैशाख आला. दुपारी दगडांवर हात ठेववेना. पुतळाबाई मोरीवर भांडी घासायची आणि समोर ती कपार दिसायची, धग मारणारी. माळावरही असलंच ऊन होतं, पण ते तिच्या डोळ्यांआड होतं. ती चैतात घटकाभर जायची आणि यायची. वैशाख तिनं तिथं कधी पाहिला नव्हता. आता पोर समोर तापत होती आणि आई नळाशी बसली होती. बागेत दुसरे साठ कंद तसेच निजले होते, त्यांच्याकडं बघून तिला काही व्हायचं नाही. हिच्याकडं बघितलं की घशाला कोरड पडायची.

एका दुपारी तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि एक तांब्या कपारीत ओतला. माती सुस्सकन पाणी प्याली. तिला एवढं बरं वाटलं, एवढं बरं वाटलं की ती तिथंच दगडाला टेकून रडली. दुसऱ्या दिवशी आणखी एक तांब्या. मग रोज. महिना दीड महिना तिनं एक दिवस खाडा केला नाही.

मृग लागून पंधरा दिवस झाले, बाकीच्या कंदांनी हिरवी टोकं काढली, तरी मोठ्या कांद्याचा पत्ता नाही. नानासाहेबांनी बोटानं माती उकरली. बोट आत गेलं ते गेलंच. वास असा आला की द्वारकाबाईंनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.

"फकिरा!" नानासाहेब ओरडले. "गाढवा, नळी कुठं धरतोस तू? सांगून सांगून जीभ झिजली माझी! उद्यापासून येऊ नकोस कामाला!"

फकिरा म्हातारा माणूस. डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं त्यानं. "सायेब, लेकराबाळाची आण. म्या त्या अंगाला पाण्याचा थेंब नाय नेला."

"मग काय आभाळातून पडलं? कुजलाय तो पाण्यानं!"

पुतळाबाई मोरीवर बसली होती. हाताला राख. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. फकिराशी तिची सोयरीक नव्हती की मैत्र नव्हतं. उलट नळावरून रोज भांडण. पण त्याचं मुंडासं हातात बघितलं आणि तिला गप्प बसता येईना.

"त्याला काहून बोलताव, सायेब? पाणी म्या घातलं."

"तू?"

"रोज एक तांब्या."

"अगं, तूच शिकवलंस ना मला? झोपल्या कांद्याला..."

"व्हय! म्याच शिकवलं! मला मालूम नव्हतं व्हय? समदं मालूम व्हतं!" तिचा आवाज चढला, आणि मग एकदम बसला. "पर तो मला कांदा नव्हता, सायेब. लई ऊन व्हतं वो. माज्यानं बगवंना."

मग तिनं सगळं सांगितलं. टेकाड, नवव्या दिवसाचा ताप, सासूनं रचलेले दगड, नसलेले नाग. "माळावर अठरा साल जगली. माज्या हाती आली आन् म्याच मारली," असं म्हणून तिनं राखेचे हात तोंडावर घेतले.

नानासाहेब त्या ओल्या दगडावर तसेच खाली बसले. त्यांनी हा कांदा मिळाल्याची पत्रं चार मित्रांना लिहिली होती. मग खिडकीकडं वळून म्हणाले, "द्वारका, चाकू दे. आणि चुलीतली राख."

पहिल्यांदाच द्वारकाबाईंचा कपाळावरचा हात खाली आला. त्या स्वतः चाकू घेऊन बाहेर आल्या आणि पुतळाबाईजवळ बसल्या.

नानासाहेबांनी सडलेला कांदा एकेक पापुद्रा करून सोलला. वरचा सगळा लगदा. आत जाता जाता, अगदी गाभ्यात, बोटाएवढे तीन पांढरे पापुद्रे घट्ट निघाले. ते त्यांनी राखेत घोळवले, सावलीला वाळवले.

"पापुद्र्यालाही कधीकधी नवा कांदा धरतो. आता कोरडी वाळू पाहिजे," ते म्हणाले.

"मला तर काढून टाकलंय," फकिरा मुंडासं बांधत म्हणाला. "वाळू आणायला नवा माणूस बगा." आणि घमेलं घेऊन निघालाही.

तीन पापुद्रे एका फुटक्या कुंडीत, वाळूत लावले. पुतळाबाईनं पदरातली ती मूठभर माती डब्यात जपून ठेवली होती, ती वर पसरली. दोन पापुद्रे वाळून गेले. तिसऱ्याच्या बुडाशी हरभऱ्याएवढी गाठ धरली, आणि श्रावणात त्यातून गवताच्या काडीसारखं एक पान आलं.

पुढची चार वर्षं पुतळाबाईनं जे केलं, ते बघायला सोपं होतं. तिनं काहीच केलं नाही. पान वाळलं की ती मोरीवर कुंडीकडं पाठ करून बसायची. वैशाखात तिचे हात भांड्यांवर असे चालायचे की पितळेला भोक पडेल. एकदा नकळत तांब्या भरून उठली, तर फकिरानं लांबूनच हटकलं, "ए माय, बस खाली!" ती बसली. तांब्यातलं पाणी स्वतः पिऊन टाकलं.

सत्त्याऐंशीच्या चैतात एका सकाळी द्वारकाबाईंनीच पहिल्यांदा पाहिलं. वाळूतून करंगळीएवढा दांडा वर आला होता. आठवड्यानं त्याला सात फुलं लोंबली. माळावर सत्तर यायची; पण ती कोण मोजतंय!

त्या बागेत प्रत्येक कंदापुढं पत्र्याची छोटी पाटी होती, पांढऱ्या रंगात नाव लिहिलेली. या कुंडीची पाटी नानासाहेबांनी चार वर्षं कोरी ठेवली होती. ते रंगाची डबी आणि कुंचला घेऊन आले.

"पुतळाबाई, काय लिहू?"

"रानकांदाच की."

"कांद्याचं नाव मला माहीत आहे," नानासाहेब म्हणाले.

पुतळाबाई पदराशी चाळा करू लागली. बावीस वर्षांत त्या पोरीला तिनं मनातसुद्धा हाक मारली नव्हती. नावच नव्हतं तर मारणार कशी? पण बारशासाठी एक ठरवून ठेवलेलं होतं. ते सोनाजीलाही ठाऊक नव्हतं.

"सरू," ती म्हणाली.

नानासाहेबांनी दोन अक्षरं लिहिली आणि पाटी कुंडीत रोवली. तिला वाचता येत नव्हतं. ती वाकून त्या ओल्या रंगाकडं बघत राहिली.

"वाचा की, सायेब."

"सरू."

"पुन्यांदा वाचा."

नानासाहेबांनी पुन्हा वाचलं.